विहिरीच्या फोटोखालची ओळ

१६ नोव्हेंबर, रविवार
हुडकेश्वर, नागपूर

माय,

फार दिवसांनी लिहिते आहे. दिवसांनी कसलं, वर्षांनी. तू गेल्यावर सुरुवातीला मी वहीत तुला दोन-चारदा लिहिलं होतं. मग नोकरी, मुलं, इकडे हुडकेश्वरला घर बांधणं, यांत ते सुटलं ते सुटलंच. माफ कर. रोजनिशी मात्र सुटली नाही. पण रोजनिशीत मी माझ्याशीच बोलते, आणि स्वतःशी बोलताना माणूस बहुतेक वेळा स्वतःच्याच बाजूनं बोलतो, असं मला हल्ली वाटायला लागलं आहे. म्हणून आज तुझ्याशी. तुला वाचायचा कंटाळा होता. माझी शाळेतली बक्षिसाची प्रमाणपत्रंसुद्धा तू उलटीपालटी करून माझ्याकडेच द्यायचीस, "तूच वाचून दाखव वं, मी भांडे घासून राहिली" म्हणायचीस. हेही मला असंच मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुझ्यासमोर मोठ्यानं वाचायचं म्हटल्यावर यातली निम्मी वाक्यं मी गाळली असती.

गोष्ट महाल भागातल्या त्या गल्लीची आहे, जिथे तू बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालायला जायचीस. तिथल्या जुन्या वाचनालयानं मोहल्ल्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आहे. मी रविवारी कॅमेरा घेऊन फिरते हे कुठूनतरी वाचनालयाच्या सचिवांना कळलं. सत्तरीचे, निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी फोन केला, आणि मी कोणाची मुलगी हे कळल्यावर तर त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारायचंच नाही असं ठरवून टाकलं. दिवाळी आटोपल्यापासून मी दर रविवारी सकाळी तिथे जाते आहे. दरवाजा, देवळाचा कळस, आखाड्याची कमान, लाकडी सज्जाचं घर, पितळी भांड्यांची दुकानं, सगळं काढून झालं. फोटो काढणं दिसतं तितकं सोपं नाही. कमानीच्या डोक्यावर तारांचे गुंते, आणि खिडकीखिडकीत कूलर. थंडीत ते बंद, म्हणून कोणी त्यावर जुनं लुगडं गुंडाळलं आहे, कोणी निवडणुकीचा जुना फ्लेक्स. एका सुंदर कोरीव खिडकीखाली कोण्या उमेदवाराचे नुसते जोडलेले हात दिसत होते. ते हात फोटोत राहू द्यावेत की टाळावेत, हे ठरवत मी कितीतरी वेळ रस्त्यात उभी होते. जे आहे ते दाखवायचं, की जे जुनं आहे तेवढंच? तू असतीस तर म्हणाली असतीस, "काढ वं लवकर, लोकाइले जाऊ दे."

पहिल्याच रविवारी सचिवांनी चौकातल्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर माझी ओळख करून दिली. "ओळखलं का गा? त्या न्हाऊ घालणाऱ्या बाईची पोरगी." ठेलेवाला माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान असेल. झारा हातात तसाच धरून त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे माह्या नाकाची तक्रार आता तुमच्याकडेच करा लागते," तो म्हणाला. "माही माय म्हणते, साऱ्या गल्लीचे नाक त्या बाईनं दाबून-दाबून सरळ केले. माह्याच वेळेस तिले ताप आला होता." बाकावर बसलेला त्याचा मित्र प्लेटमधून मान वर न करता म्हणाला, "ताप नव्हता गा. तुले पाहूनच तिनं हात टेकले." पोहे खाणारे सगळे हसले, मीही हसले. त्या दिवसापासून मी कुठे कॅमेरा लावला की कोणीतरी नाक दाखवायला येतं. नुकतीच आजी झालेली एक बाई आपल्या थोरल्या मुलाला हनुवटीला धरून घेऊन आली. मुलगा चाळिशीचा, बँकेत अधिकारी. "पाहा, हे तुमच्या आईचं काम," ती म्हणाली आणि त्याला उन्हाकडे वळवून उभं केलं. मी त्याचा फोटो काढला. प्रदर्शनात तो लागणार नाही, कारण विषय रस्ते आणि वास्तूंचा आहे. पण त्या गल्लीत तुझ्या हातचं जे उभं आहे ते हेच आहे, असं मला वाटलं आणि बरं वाटलं.

बरं वाटणं विहिरीपर्यंत टिकलं.

ती विहीर तुला सांगायला नको. पण मी माझ्यासाठी आठवून पाहते. मी सहा-सात वर्षांची असेन. थंडीची सुट्टी आहे. तू तेलाची बाटली आणि एक जुनं पातळ पिशवीत टाकून निघतेस, मी तुझ्या मागे. नाल्यावरचा पूल ओलांडला की तू पदर सारखा करतेस. विहिरीसमोरच्या घराच्या मागच्या अंगणात न्हाणी आहे. तू पाटावर बसतेस, पाय लांब करतेस, आणि त्या घरचं बाळ तुझ्या पायांवर पालथं पडतं. घंगाळ आधीच भरून ठेवलेलं असतं. तू कोपर बुडवून पाणी पाहतेस. बाळ किंचाळायला लागतं तेव्हा तू त्याच्याशी भांडतेस, "काहून रडतं रे एवढं? तुह्या बापानंबी असाच दंगा केला होता काय?" आणि आतल्या खोलीतली बाळंतीण पोटाला हात लावून हसते. पाणी संपत आलं की तू मान न वळवता हाक देतेस, "पाणी!" बाहेर विहिरीचं चाक करकरतं. कोणीतरी पाणी ओढतं आणि घागर आणून घंगाळात ओततं, जरा उंचावरून. हे उंचावरून ओतणं मला स्पष्ट दिसतं. पण ऊन पाण्यात गार पाणी नीट मिसळावं म्हणून ते उंचावरून ओतत होते, की घागर तुझ्या घंगाळाला लागू नये म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. तू ते पाणी ओंजळीत घेऊन त्यांच्या बाळाच्या डोक्यावर सोडायचीस. चाकाला तुझा हात लागलेला मी कधी पाहिला नाही.

फोटोंखाली एकेक ओळ मी लिहून दिली होती. विहिरीची ओळ मात्र सचिवांनी स्वतः लिहून पाठवली: 'या विहिरीने साऱ्या मोहल्ल्याची तहान भागवली.' ओळ वाईट नाही. कोणाच्याही तोंडी शोभेल. मी ती वाचली आणि काल सकाळी त्यांना फोन केला.

"सर, त्यातला 'साऱ्या' शब्द काढू या."

"काहून? मोहल्ल्याचीच विहीर आहे."

"माझी आई तिथे रोज यायची. तिनं कधी त्यातून पाणी काढलं नाही."

ते मग अगदी मवाळपणे म्हणाले, "मॅडम, तुमची आई मोहल्ल्यातली नव्हती नं. त्या नाल्यापलीकडून येत होत्या."

माय, यात ते चुकले असं म्हणता येत नाही. आपली वस्ती पलीकडेच होती. ती पलीकडे का होती, हे फोटोखालच्या एका ओळीत मावत नाही. त्यांनाच मग वाईट वाटलं. "हे पाहा, मले समजून राहिलं तुम्ही काय म्हणता ते. पाहिजे तं आभाराच्या फलकावर तुमच्या आईचं नाव सगळ्यात वर टाकतो. पण उद्घाटनाले लहान-मोठे सगळे येतीन, तिथं वाद नको. नसन पटत तं विहिरीचा फोटोच काढून टाकू. सोमवारी संध्याकाळी सगळं छपाईले जाते, त्याच्या आत सांगा."

म्हणजे उद्या. एक तर विहीर त्यांच्या ओळीसकट भिंतीवर लागणार, नाहीतर लागणारच नाही. आणि विहीर गेली तर तू त्या गल्लीत येत होतीस याची शेवटची खूणही भिंतीवरून गेली. काल दिवसभर माझ्या डोक्यात एक तिसरी ओळ तयार होत होती. चांगली धारदार ओळ होती ती. 'या विहिरीला माझ्या आईचा हात चालत नव्हता.' अशी ओळ वाचून माणसं थांबतात. मी ती वहीत लिहिली, आणि लिहिल्याबरोबर मला तुझं स्वयंपाकघर आठवलं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेजात नवी पुस्तकं, नवे मित्र, नवे शब्द मिळत होते आणि रोज घरी येऊन मी ते तुझ्यावर चालवून पाहायची. तू पोळ्या करत होतीस. मी दारात उभी राहून विचारलं, "त्यांच्या विहिरीला तू कधी हात लावलास का?"

"मले काय करायचं विहिरीले हात लावून? मले लेकराले हात लावायचा होता."

"त्यांनी तुला नाही म्हटलं होतं ना?"

"विचारलंच नाही, तं नाही कोण म्हणन?"

"मग तू का नाही विचारलंस?"

पोळी तव्यावर करपली. तू ती चिमट्यानं काढून बाजूला टाकलीस. "बापा! तुले शिकवलं म्हणून माह्यावरच केस चालवून राहिली काय वं?" मी तरी हटले नाही. मग दुसऱ्या पोळीकडे पाहत तू म्हणालीस, "दोर ओढून हात खरखरीत होतात. खरखरीत हातानं तान्ह्या लेकराले तेल लावता येते काय? माहे हात होते, मी जपले." आणि करपलेली पोळी तू माझ्याच ताटात वाढलीस.

आता तू सांग, यातलं कोणतं उत्तर धरू? तुला खरंच नको होतं ते चाक, की नको असल्याचं कारण तू नंतर शोधलंस, माझ्यासाठी, म्हणजे मला राग यायचं कारण उरू नये म्हणून? तुझे हात मऊ होते, हे मात्र खरं. तुझ्या नावावर मी अशी ओळ कशी लिहू, जी तू ऐकली असतीस तर ताटात आणखी एक करपलेली पोळी पडली असती? आणि नाही लिहिली तर मी सचिवांचा वाद टाळला, की तुझा मान ठेवला? या दोन्हीतला फरक मला नेहमीच सोयीनं दिसत आला आहे.

म्हणून आज फोटो काढून झाल्यावर मी विहिरीसमोरच्या घरी गेले. ज्या बाळंतिणीला तू हसवायचीस त्या काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. गुडघे धरलेत, पण कान आणि तोंड शाबूत. मला पाहून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि तुझ्याबद्दल बोलायला लागल्या ते थांबेचनात. तुझ्या हाताला गुण होता. तू आलीस की घरात गंमत असायची. मी हळूच विहिरीचा विषय काढला.

"अगं, तिला दोर ओढू दिलाच नाही आम्ही," काकू म्हणाल्या. "सकाळपासून दोन-दोन घरं करून यायची बिचारी. सासूबाईंची सक्त ताकीद होती, ती यायच्या आधी घंगाळ भरलेलं पाहिजे. मी ओली बाळंतीण होते तेव्हा नणंद भरायची, नणंदेच्या वेळी मी."

त्या हे अभिमानानं सांगत होत्या आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "काकू, तुमच्याकडे धुण्या-भांड्याला बाई होती ना? तिच्यासाठी कोण पाणी काढायचं?"

"तिच्यासाठी कशाला कोण काढेल? तीच काढायची की. घरादाराचं तीच भरायची." बोलून झाल्यावर काकूंनी चमचा उचलला. चहात साखर आधीच होती, तरी चमचा फिरवत राहिल्या. सून दारात उभी होती, ती आत गेली. "तूही ना," काकू म्हणाल्या, "वकिलासारखी विचारून राहिली. मी त्या घरात सून होते गं. सासूबाईंच्या मनात काय होतं, ते त्यांना विचारायची माझी कुठे छाती होती?"

"तुमच्या मनात काय होतं?"

"माझ्या?" त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "माझ्या मनात एवढंच, की ती आली म्हणजे घटकाभर मला निजायला मिळायचं." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुला लिहायचं ते लिही. पण तिला त्यात आण. नाहीतर उद्या लोकांना वाटेल, ही सगळी पोरं आम्हीच न्हाऊ-माखू घातली."

मी निघाले तेव्हा त्या काठी टेकत दारापर्यंत आल्या. समोर विहीर. "वर चढून आतला काढलास का फोटो?" त्यांनी विचारलं. "चाक आहे अजून. दगडाला दोराच्या खाचा पडल्यात बघ, बोट बसेल एवढ्या. जा की वर, जाळी बसवलीय आता, पडायची भीती नाही."

मी म्हटलं, "ऊन फार वर आलं काकू, आता फोटो चांगला नाही यायचा."

घरी येऊन जेवले आणि ओळ लिहायला बसले. दुपार त्यातच गेली. शेवटी ही झाली: 'मोहल्ल्यातली विहीर. घरच्या बायका हिचं पाणी काढून देत आणि त्या पाण्यानं इथल्या बाळांना माझी आई न्हाऊ घालायची.' यात कोणावर आरोप नाही आणि जे घडायचं त्यातलं काही लपवलेलंही नाही. ज्याला प्रेम दिसायचं त्याला प्रेम दिसेल. ज्याला 'काढून देत' या शब्दांपाशी थांबायचं तो थांबेल. ही ओळ प्रामाणिक आहे, की दोन्ही दारं उघडी ठेवणारी आहे, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. पण तुझ्यासमोर मोठ्यानं वाचता येईल, एवढी खात्री आहे. सचिवांना ती पाठवली आणि सोबत लिहिलं की हीच ओळ लावावी, नाहीतर माझे सगळेच फोटो मी परत घेईन. अशी भाषा मी कोणाशी करत नाही. उत्तर संध्याकाळी आलं: "ठीक आहे. लावू. पण खाली तुमचं नाव टाका, वाचनालयाचं नको." मी लगेच हो म्हटलं. तेवढं त्यांचं भय मला मान्य आहे, आणि नाव टाकायचंच तर ते माझंच असायला हवं.

मग मोठ्या छपाईसाठी विहिरीचा फोटो निवडायला बसले. आणि माय, तेव्हा मला ते दिसलं.

या एवढ्या रविवारांत मी देवळाच्या गच्चीवर चढले. सज्जाच्या घरात, ओळख ना पाळख, वरच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या खिडकीतून वाकले. कमान नीट यावी म्हणून ठेलेवाल्याच्या बाकावर चपला काढून उभी राहिले, त्याचा मित्र म्हणाला "पडशीन बाई", तरी राहिले. विहिरीचे फोटो भरपूर आहेत, वेगवेगळ्या उन्हातले, वेगवेगळ्या बाजूंचे. सगळे रस्त्यावरून काढलेले. लांबचं जवळ आणणारं भिंग लावून. विहिरीच्या ओट्यावर कॉलेजची पोरं मोबाइल खेळत बसलेली आहेत, एका फोटोत ओट्याच्या मधोमध कुत्रं झोपलं आहे. एकही फोटो काढताना मी ओट्यावर नव्हते. चाकाजवळून, खाचांजवळून, वरून आत, असा एकही नाही. सचिवांनीही मागे एकदा विचारलं होतं, तेव्हा आत उजेड नाही असं मी त्यांना सांगितलं. काकूंना सांगितलं, ऊन वर आलं. दोन्ही वेळा मला ते खरंच वाटलं होतं. आत उजेड आहे की नाही हे मी वाकून पाहिलेलंच नव्हतं.

कारण उजेडाचंच असेल, असंही स्वतःला सांगून पाहिलं. लांबचं भिंग मला आवडतं, हेही खरं आहे. तुझ्या हातांसारखंच हेही एक कारण आहे आणि ते खोटं नाही. पण मी शिकले, नोकरी केली, सभांमधून बोलले, तुझ्याशी भांडले, काल सचिवांशी भांडले, आज एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच घरात बसून उलटतपासणीसारखे प्रश्न विचारले. आणि मला तिथे कोणी अडवलेलं नाही. मी कोणाला विचारलंही नाही. मी नुसती खाली उभी राहिले.

हे तुला कधी समोर सांगितलं नसतं. तू हसली असतीस आणि ते मला सहन झालं नसतं.

उद्याचं काम: छपाईच्या आधी, सकाळचं ऊन आहे तोवर, विहिरीच्या ओट्यावर चढून फोटो काढणे.